मुंबईत स्कोप पिक्चर आता सर्वांत लहान का दिसतो?

चर्नीरोडकर (धागाकर्ता)

पुढच्या वेळी मल्टिप्लेक्सला गेलात की एक गोष्ट बघा. आधीच्या जाहिराती बहुतेक वेळा अख्खा पडदा भरून दिसतात. मग पिक्चर सुरू होतो, आणि तो स्कोपमधला (म्हणजे सिनेमास्कोपच्या रुंद चौकटीतला) असेल तर वरखाली करड्या पट्ट्या उरतात. चित्र बुटकं होतं. ज्या दिग्दर्शकानं सर्वांत रुंद चौकट निवडली, त्याच्याच वाट्याला पडद्याचा सर्वांत कमी भाग येतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद नीट घालता येईल. १९५३ नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत मुंबईच्या थिएटरांनी रुंद पडद्याची जी रीत बसवली, ती मल्टिप्लेक्स आल्यावर मोडली. तिकिटं महाग होत गेली, चित्र लहान होत गेलं, आणि प्रेक्षक म्हणून आपण साधी तक्रारसुद्धा करत नाही.

थोडा इतिहास. बोलपट स्थिरावल्यावर चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण १.३७:१ ठरलं, म्हणजे जवळपास चौकोनीच. दक्षिण मुंबईतली नावाजलेली थिएटरं याच मापाच्या काळात बांधलेली आहेत: रीगल १९३३, मेट्रो आणि इरॉस १९३८, लिबर्टी १९४९. पुढे अमेरिकेत टीव्हीमुळे थिएटरं ओस पडायला लागली आणि घरात मिळणार नाही असं काहीतरी दाखवणं स्टुडिओंना भाग पडलं. सप्टेंबर १९५२ मध्ये न्यूयॉर्कला सिनेरामा आला. तीन प्रोजेक्टर, शेजारी शेजारी जोडलेली तीन चित्रं, १४६ अंशांचा वक्र पडदा. डोळे दिपवणारा प्रकार होता, पण त्यासाठी थिएटर जवळजवळ नव्यानं उभं करावं लागे. वर्षभरात ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं सोपी वाट काढली. आन्री क्रेतियें या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं बनवलेली लेन्स घ्यायची, चित्र आडव्या अंगानं निम्म्यात दाबून साध्या ३५ मिमी फिल्मवर उतरवायचं, आणि दाखवताना प्रोजेक्टरच्या लेन्सनं ते पुन्हा उलगडायचं. हा सिनेमास्कोप. प्रोजेक्टर तोच, फिल्मची रुंदी तीच, लेन्स आणि पडदा तेवढा नवा. म्हणूनच तो मुंबईपर्यंत लवकर पोचला. भारतातलं पहिलं सिनेमास्कोप थिएटर म्हणून रीगलचं नाव घेतलं जातं, 'द रोब' (१९५३) या पहिल्या सिनेमास्कोप पिक्चरसाठी.

आता खरा मुद्दा. चांगल्या थिएटरांनी रुंद पडदा बसवताना चित्राची उंची कायम ठेवली. साधा पिक्चर असला की दोन्ही बाजूंचे काळे पडदे आत सरकायचे, स्कोप असला की बाहेर. नटाचा चेहरा तेवढाच मोठा राहायचा आणि त्याच्या आजूबाजूचं जग वाढायचं. स्कोप निघाला तो यासाठीच. मल्टिप्लेक्समध्ये बऱ्याच ठिकाणी रुंदी कायम असते आणि उंची कापली जाते. हिशेब करून बघा. ४० फूट रुंद पडद्यावर १.८५:१ चं, म्हणजे आजच्या साध्या पिक्चरचं चित्र २१.६ फूट उंच येतं आणि २.३९:१ चं स्कोप जेमतेम १६.७ फूट. पाचव्या हिश्शाहून जास्त पडदा कोरा. तेच २० फूट उंची कायम धरली तर १.८५ चं चित्र ३७ फूट रुंद होतं आणि स्कोप जवळजवळ ४८ फूट.

डिजिटलमुळे हे आणखी पक्कं झालं. फिल्मवर स्कोप चौकटीची जवळजवळ सगळी उंची वापरायचा, १.८५ चं चित्र मात्र वरखाली झाकून दाखवलं जायचं. म्हणजे प्रिंटवरसुद्धा स्कोपलाच जास्त जागा. आज २के (सुमारे दोन हजार ठिपके रुंदीच्या) डिजिटल प्रतीत १.८५ ला १९९८ × १०८० ठिपके मिळतात, स्कोपला २०४८ × ८५८. पडद्यावरही कमी, फायलीतही कमी.

मला हे मान्य नाही. तुमचं काय मत?


हिंदमाता

असहमत. सविस्तर लिहितो.

'मुंबईच्या थिएटरांनी' म्हणजे नक्की कुठल्या थिएटरांनी? तुमच्या यादीतली चारही कुलाब्यापासून मरीन लाइन्सपर्यंतच्या टापूतली आहेत. गिरणीत पाळी करणारा माणूस तिथे किती वेळा जात होता? लालबाग-परळ-दादरचा प्रेक्षक भारतमाता, प्लाझा, कोहिनूर अशा थिएटरांत बसायचा. रुंद पडद्याचा हा सुवर्णकाळ तुम्ही बाल्कनीतून बघताय.

आवाजाचं घ्या. फॉक्सची सुरुवातीची अट होती की सिनेमास्कोप लावायचा तर चार ट्रॅकचा चुंबकीय स्टीरिओ आवाजही बसवायचा. जगभरच्या लहान थिएटरवाल्यांना तो खर्च झेपेना. १९५४ मध्ये फॉक्सनं माघार घेतली आणि साध्या ऑप्टिकल आवाजाच्या प्रिंट द्यायला सुरुवात केली. मग बहुतेकांनी काय केलं? रुंद चित्र घेतलं आणि आवाज जुनाच ठेवला. सत्तर फुटांच्या भिंतीवर चित्र आणि मधल्या एकाच भोंग्यातून आवाज, याला तुम्ही 'रीत' म्हणता.

आणि मराठी पिक्चरचं काय? पहिला मराठी सिनेमास्कोप चित्रपट म्हणून महेश कोठारे यांच्या 'धडाकेबाज'चं नाव घेतात, तो १९९० चा. 'द रोब'नंतर ३७ वर्षांनी. म्हणजे तुम्ही ज्या काळाचे गोडवे गाताय, त्या सबंध काळात मराठी निर्मात्याला ही लेन्स परवडली नाही. तरी मराठी पिक्चर चालले. 'सोंगाड्या' १९७१ चा, साधा कृष्णधवल. दादरच्या कोहिनूरला त्याच्यावरून केवढं रण माजलं, सगळ्यांना माहीत आहे. पडदा किती फूट आहे हे विचारून कुणी तिकीट काढलं नव्हतं.

मल्टिप्लेक्स महाग आहे, ते मलाही परवडत नाही. पण त्यावरचं उत्तर 'जुनं थिएटर छान होतं' हे नाही.


चर्नीरोडकर

हिंदमाता, फोर्टचं सोडा. मराठा मंदिर बघा. १९५८ चं, म्हणजे सिनेमास्कोप आल्यानंतर बांधलेलं. मुंबई सेंट्रल स्टेशनच्या आणि एसटी डेपोच्या समोर, जिथे सातारा-कोल्हापूरची गाडी पकडायला आलेला माणूस पिशवीसकट आत शिरू शकत होता. मिनर्व्हा लॅमिंग्टन रोडला. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' लागला आणि पाच वर्षं तिथून हलला नाही. हा प्रेक्षक काही सगळा कफ परेडहून येत नव्हता. स्टॉलचं स्वस्तातलं तिकीट काढणाऱ्याला आणि बाल्कनीवाल्याला एकच पडदा, एकाच आकाराचं चित्र, सहा ट्रॅकचा एकच आवाज. मला त्या व्यवस्थेत हे मोलाचं वाटतं. आज मोठा पडदा हवा असेल तर वेगळं, महाग तिकीट काढावं लागतं. स्वस्त तिकिटाला लहान खोली.

मराठी निर्मात्याला लेन्स परवडली नाही, हे खरंच आहे. पण ती निर्मितीच्या पैशाची गोष्ट झाली. मी बोलतोय ते थिएटरबद्दल.


चौकट १.३७

तुम्हा दोघांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की रुंद म्हणजे चांगलं. मुळात तेच मला पटत नाही.

मराठा मंदिरचंच उदाहरण घेऊ. ५ ऑगस्ट १९६० ला तिथे 'मुगल-ए-आझम' लागला. तो स्कोप नव्हता. १.३७ मध्ये चित्रित केलेला, बराचसा कृष्णधवल. आपल्याकडचा सर्वांत भव्य म्हणून ज्याचं नाव निघतं तो पिक्चर चौकोनी चौकटीतला आहे. शीशमहालाचं छत आणि खालची जमीन एकाच चौकटीत बसतात, कारण चौकटीला उंची आहे. तेच २.३५ मध्ये (स्कोपच्या तेव्हाच्या मापात) बसवायचं तर छत तरी सोडावं लागलं असतं नाहीतर कॅमेरा इतका मागे न्यावा लागला असता की अनारकली मुंगीएवढी दिसली असती.

आता 'शोले'. ७० मिमी, ७० मिमी म्हणून पन्नास वर्षं जप चालू आहे. कॅमेऱ्यात ३५ मिमी फिल्म होती. छायालेखक द्वारका दिवेचांनी व्ह्यूफाइंडरच्या काचेवर ७० मिमीच्या चौकटीच्या खुणा करून घेतल्या आणि त्या बेतानं शॉट लावले. मग लंडनला ते मोठं करून ७० मिमी प्रिंट काढल्या. म्हणजे वरचा आणि खालचा भाग कापला. जिथे ७० मिमी प्रोजेक्टर नव्हता तिथल्या लोकांनी ३५ मिमी प्रिंट पाहिली, आणि त्यात मिनर्व्हापेक्षा जास्त आकाश आणि जास्त जमीन होती. इतकंच काय, मिनर्व्हाच्या प्रीमियरलासुद्धा ७० मिमी प्रिंट वेळेवर पोचली नाही, कस्टममध्ये अडकली, आणि ३५ मिमीवरच खेळ झाला. रुंदी हा त्या पिक्चरचा प्राण असता तर त्या रात्रीचा खेळ काय निष्प्राण होता?

रुंद पडदा हे टीव्हीला घाबरलेल्या उद्योगाचं विक्रीचं हत्यार होतं. कलेची गरज म्हणून तो आला नाही.


चर्नीरोडकर

चौकटराव, धंद्यासाठी आलेली गोष्ट कलेच्या कामी येत नाही असं थोडंच आहे? आवाजही धंद्यासाठीच आला.

'कागज के फूल' (१९५९) बघा. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. गुरुदत्तनी त्या रुंदीत हत्ती-घोडे-फौजा भरल्या नाहीत. रिकामा स्टुडिओ भरला. एवढ्या मोठ्या चौकटीत एका कडेला एक माणूस, उरलेली जागा नुसती अंधारी. व्ही. के. मूर्तींनी आरसे लावून आणलेला तो उन्हाचा झोत वरून खाली तिरका येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अंधार पसरलेला राहतो. तो अंधार १.३७ मध्ये एवढा मावणार नाही. मूर्तींना छायालेखनाचं आणि आपल्या एम. आर. आचरेकरांना कलादिग्दर्शनाचं फिल्मफेअर त्याच चित्रपटासाठी मिळालं. हा पिक्चर आज वरखाली पट्ट्या ठेवून दाखवला तर तो एकाकीपणा लहान खोलीत कोंडल्यासारखा होतो. माझी तक्रार तीच आहे.

'मुगल-ए-आझम'बद्दल आपलं भांडणच नाही. उंची कायम ठेवणारा पडदा असेल तर चौकोनी चित्रही पूर्ण उंचीनं दिसतं. मल्टिप्लेक्समधल्या १.८५ च्या पडद्यावर दोघांपैकी फक्त स्कोपचं नुकसान होतं.


हिंदमाता

'कागज के फूल' पडला होता, हेही लिहा की. त्यानंतर गुरुदत्तनी दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव पुन्हा कधी लावलं नाही. स्कोपचा पिक्चर लावायला थिएटरकडे स्कोपची लेन्स आणि तसा पडदा लागतो. १९५९ मध्ये तालुक्याच्या गावी ती कुठून असणार?


आर्कलाइट

मी एका जुन्या थिएटरच्या केबिनमध्ये ऑपरेटर होतो, आधी कार्बनच्या आणि मग झेनॉनच्या दिव्याच्या प्रोजेक्टरवर. थिएटरचं नाव घेत नाही. इथे चाललेल्या दोन-तीन गोष्टींवर केबिनच्या बाजूनं लिहितो, कारण प्रेक्षकाला समोरचं दिसतं, मागचं नाही.

पहिली गोष्ट, चौकट १.३७ यांनी ७० मिमीची जी बाजू मांडली ती अर्धी आहे. ३५ मधून मोठं केलेल्या प्रिंटमध्ये नवीन बारकावा येत नाही, हे बरोबर. पण प्रोजेक्टरमध्ये काय घडतं ते बघा. ७० मिमीची एक चौकट ३५ मिमी स्कोपच्या चौकटीच्या जवळजवळ तिप्पट असते. तेवढ्या मोठ्या खिडकीतून प्रकाश जातो. प्रचंड पडद्यावरही चित्र उजळ आणि स्थिर राहतं. ३५ मिमीची चौकट तेवढ्याच पडद्यावर फेकली तर ती जास्त पटींनी फुगवावी लागते, त्यामुळे फिल्मचा दाणा दिसतो आणि गेटमध्ये (प्रोजेक्टरच्या ज्या खिडकीसमोरून फिल्म सरकते तिथे) जरा थरथर झाली तरी पडद्यावर ती हातभर होते. आणि आवाज. ७० मिमी प्रिंटवर सहा चुंबकीय ट्रॅक असायचे. 'शोले'तलं नाणं खाली पडल्याचा आवाज लोकांना आठवतो तो त्या ट्रॅकमुळे. म्हणजे मिनर्व्हाच्या प्रेक्षकानं जे पाहिलं-ऐकलं ते खोटं नव्हतं.

दुसरी गोष्ट धागाकर्त्यासाठी, आणि ती त्यांना आवडणार नाही. 'उंची कायम ठेवायची रीत' सगळीकडे नव्हती. १९५३ च्या आधी बांधलेल्या थिएटरात रंगमंचाची कमान ठरलेल्या रुंदीची. भिंत तर फोडता येत नाही. मग स्कोप बसवताना पडदा रुंदीला कमानीएवढा आणि उंचीला कमी केला जायचा. म्हणजे तुम्ही मल्टिप्लेक्सला ज्या दोषाचं धनी करताय तो कित्येक एकपडदा थिएटरांत आधीपासून होता. आणि त्याचा खरा बळी स्कोप नव्हता, जुना चौकोनी पिक्चर होता. पडद्याची उंची कमी झाल्यावर १.३७ चं चित्र पूर्ण दाखवायचं तर मध्ये लहानसं दिसतं. मालकाला ते नको असायचं. मग गेटमध्ये जी पत्र्याची चौकट बसवतात ती कमी उंचीची घालायची, लेन्स बदलायची, आणि चित्र वरखाली कापून रुंद करायचं. नटाचं कपाळ गेलं की प्रेक्षक शिट्ट्या मारायचे, मग आम्ही फ्रेम खाली घ्यायचो. आता पाय जायचे. नाचाच्या गाण्यात पाय गेले की पुन्हा शिट्ट्या. पुऱ्या पिक्चरभर हात त्या फ्रेमच्या दांड्यावर. चाळीस-पन्नासच्या दशकांतले उत्तमोत्तम पिक्चर नंतरच्या पिढीनं मॅटिनीला असेच कापलेले पाहिले.

तिसरी गोष्ट, स्कोपची लेन्स. तिला नीट बसवणं, चित्र मध्यभागी आणि कडांना एकाच वेळी स्पष्ट ठेवणं हे कौशल्याचं काम. ओल, धूळ, तेलाचा वाफारा यांनी लेन्स धूसर होते. जिथे मालकाला काळजी होती तिथे ती नियमित साफ व्हायची. जिथे नव्हती तिथे पडद्याच्या दोन्ही कडा कायम मऊ. 'पाकीझा' (१९७२) स्कोपमध्ये चित्रित होताना कमाल अमरोहींना लेन्सच्या फोकसमधला बारीकसा दोष जाणवला होता, असा किस्सा सांगतात. तेवढ्या काटेकोर माणसाचा पिक्चर अशा कडांनी दाखवला जाताना मी पाहिला आहे. वाईट वाटायचं.

तेव्हा थिएटरांच्या जातीवर जाऊ नका. ज्या केबिनमध्ये काळजी घेणारा माणूस होता तिथे पिक्चर चांगला दिसला.


घाटकोपर लोकल

मी कोणत्याही सुवर्णकाळात जन्मले नाही, त्यामुळे सरळ बोलते.

मुलगी म्हणून संध्याकाळच्या खेळाला एकटीनं जायचं तर मी मल्टिप्लेक्सलाच जाते. स्वच्छतागृह धड असतं. कुणी मागच्या रांगेतून सीटवर पाय ठेवत नाही. रांगा उंच पायऱ्यांवर असल्यामुळे समोरच्याचं डोकं आड येत नाही. जुन्या थिएटरात स्टॉलची जमीन जवळजवळ सपाट. मी पाच फूट दोन इंच. ४८ फूट रुंद पडद्याचा मधला भाग जर मला समोरच्या काकांच्या टकलाभोवतीच दिसणार असेल तर ती रुंदी मला काय कामाची? आणि वक्र पडद्याच्या थिएटरात पहिल्या काही रांगांत बसून बघा, सरळ रेषा धनुष्यासारख्या दिसतात. 'स्टॉल आणि बाल्कनीला एकच चित्र' हे चर्नीरोडकर काकांचं वाक्य मला पटत नाही. पडदा एक होता, पण दिसायचं वेगवेगळं.

बरं, सगळ्या मल्टिप्लेक्सचा पडदा १.८५ चा नसतो. कित्येक ठिकाणी मोठ्या हॉलचे पडदे स्कोपच्याच मापाचे असतात. तिथे १.८५ चं चित्र दोन्ही बाजूंना जागा सोडून येतं. आणि डिजिटलनं आणखी एक केलं. २००५ च्या सुमारास उपग्रहावरून पिक्चर पाठवणं सुरू झालं आणि पुढच्या आठ-नऊ वर्षांत आपल्याकडे ३५ मिमी प्रिंट जवळजवळ थांबल्या. त्यामुळे मुंबईत ज्या शुक्रवारी, त्याच शुक्रवारी परभणीला तोच पिक्चर, तसाच स्वच्छ. फाटलेली, ओरखडे पडलेली, चौथ्या हातातली प्रिंट कुणालाच बघावी लागत नाही. हिंदमाता दादा ज्या विषमतेबद्दल बोलले, ती निदान याबाबतीत कमी झाली. त्याबदल्यात वरखाली पट्ट्या आल्या तर मी त्या चालवून घेईन.


यॉर्कशायरकर

मी नोकरीनिमित्त इंग्लंडात आहे, लीड्सजवळ. इथून ब्रॅडफर्ड अगदी जवळ. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान आणि माध्यम संग्रहालयात पिक्चरव्हिल नावाचं थिएटर आहे. धाग्यात वर ज्या तीन प्रोजेक्टरच्या सिनेरामाचा उल्लेख आला, तो दाखवायची सोय असलेल्या जगातल्या अगदी मोजक्या ठिकाणांपैकी ते एक. ७० मिमी फिल्मही दाखवतात, आणि रुंद पडद्याच्या पिक्चरांचा खास महोत्सव भरतो. लहान शहर आहे, मुंबईच्या पासंगालाही पुरणार नाही. तिथे जे टिकलं ते मुंबईत का टिकू नये?

'ऑपेनहायमर' (२०२३) आला तेव्हा तो आयमॅक्सच्या ७० मिमी फिल्मवर दाखवणारं एकही थिएटर भारतात नव्हतं. वर्षाला इतके पिक्चर काढणारा आणि बघणारा देश. मला ते फार लागलं.


हिंदमाता

यॉर्कशायरकर, तिथे संग्रहालय आहे, त्यामागे सार्वजनिक पैसा आहे. इथे २००० नंतर राज्यानं मल्टिप्लेक्सला करमणूक करात सवलत दिली, आणि जुन्या एकपडदा थिएटरवाल्याला मात्र पूर्ण कर भरत त्यांच्याशी स्पर्धा करायला लावलं. पडदे काही आपोआप पडले नाहीत. मिनर्व्हा आज उभं नाही. मेट्रो २००६ मध्ये सहा पडद्यांचं झालं. हे धोरण होतं. धागाकर्त्यांनी लेन्स आणि फूट मोजण्याआधी हे लिहायला हवं होतं.


चर्नीरोडकर

कराचा मुद्दा पूर्ण मान्य. माझ्या मुद्द्याला तो जोरच देतो. हॉल लहान करून संख्या वाढवली तर सवलत मिळते म्हटल्यावर मोठा हॉल कोण राखणार?

यॉर्कशायरकर, मुंबईत अगदीच काही नव्हतं असं नाही. वडाळ्याला २००१ मध्ये घुमटाकार आयमॅक्स आलं, फिल्मवरचं. २०१८ मध्ये ख्रिस्तोफर नोलन इथे आला तेव्हा 'डंकर्क' तिथे आयमॅक्स फिल्मवर आणि 'इंटरस्टेलर' लिबर्टीला ३५ मिमीवर दाखवला गेला. म्हणजे २०१८ पर्यंत यंत्रं चालवता येत होती, चालवणारी माणसं होती. नंतर ती साखळी तुटली. मला यातच धोका दिसतो. यंत्र गंजलं की दुरुस्त होतं, आर्कलाइट यांच्यासारखी माणसं निवृत्त झाली की संपलं.

घाटकोपर लोकल, स्वच्छता आणि सुरक्षितता याबद्दल वाद घालण्याची माझी इच्छाच नाही, ती हवीच. पण ती देण्यासाठी चित्र लहान करावं लागतं, असा नियम कुठे आहे? उंच पायऱ्यांचा हॉल आणि पूर्ण उंचीचा स्कोप पडदा एकत्र असू शकतात. तुम्हीच म्हणालात, काही ठिकाणी आहेत. मग सगळीकडे का नाहीत? कारण आपण विचारत नाही.


चौकट १.३७

मग इरॉसचं काय म्हणणार? १९३८ मध्ये बाराशेच्या आसपास खुर्च्या. बंद पडलं, अनेक वर्षं तसंच राहिलं. २०२४ मध्ये आयमॅक्स म्हणून उघडलं, खुर्च्या सुमारे तीनशे. डिजिटल आयमॅक्सचं प्रमाण १.९०:१. म्हणजे चर्चगेटसमोरच्या त्या वास्तूत पुन्हा उंच चौकट आली. मला आनंद आहे. स्कोप पिक्चर तिथे लागला तर पट्ट्या येणारच, आणि ज्यांना मोठा पडदा भरायचा आहे ते दिग्दर्शक आता मुद्दाम जास्त उंची घेऊन चित्रण करतात. सत्तर वर्षं रुंदीनं राज्य केलं, आता उंची परत येते आहे. २०२५ मध्ये 'शोले' नव्यानं दुरुस्त करून दाखवला तो २.२:१ मध्ये, मूळ ७० मिमीच्या मापात, तेही एकही ७० मिमी प्रिंट शिल्लक नसताना. म्हणजे जपायला फिल्म लागली, तो विशिष्ट हॉल नाही.


चर्नीरोडकर

इरॉसची इमारत वाचली, याचा मलाही आनंद आहे. मरीन ड्राइव्ह-ओव्हलचा आर्ट डेको टापू २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्यात इरॉस आणि रीगल दोन्ही आहेत. पण वारसा म्हणून आपण दर्शनी भाग जपतो. आत बाराशे माणसं एकाच वेळी एका चित्रासमोर बसायची, त्याला वारसा म्हणून कुणी मोजत नाही. 'शोले'ची फिल्म दुरुस्त झाली, फार मोठं काम झालं. पण ते २.२:१ चं चित्र वरखाली पट्ट्या ठेवून लहान खोलीत दाखवलं, तर दुरुस्तीचे कष्ट पोचतात कुणापर्यंत?


आर्कलाइट

वाद चालू ठेवा, मी फक्त करता येण्याजोगं काय ते सांगतो.

१.८५ च्या पडद्याला स्कोपचा पडदा करायचा तर भिंती हलवाव्या लागतील, ते कुणी करणार नाही. पण करड्या पट्ट्या तरी झाकता येतात. वरून आणि खालून सरकणारं काळं कापड, छोटी मोटर, दोन गाईड. पूर्वी बाजूच्या पडद्यांना हेच असायचं. काळ्या कडेला लागून असलेलं चित्र डोळ्याला उजळ आणि नेटकं दिसतं, करड्या पट्टीला लागून असलेलं फिकट दिसतं. फूट वाढले नाहीत तरी हा फरक मोठा आहे. डिजिटल प्रोजेक्टरमध्ये दोन्ही मापांसाठी झूम आणि फोकस साठवून ठेवता येतात, बटण दाबलं की लेन्स आपोआप जागेवर जाते. कित्येकदा ते एकदाच लावून देतात आणि नंतर कुणी तपासत नाही. चित्र कडेला कापलं जातंय, तिरकं आहे, अंधूक आहे, असं दिसलं तर मध्यंतराची वाट बघू नका. बाहेर जाऊन सांगा. आमच्या वेळी शिट्टी केबिनपर्यंत पोचायची. आता केबिनमध्ये बहुधा कुणी नसतं, एक माणूस पाच-सहा पडदे सांभाळतो, त्यामुळे उठून सांगणं हाच मार्ग आहे.

नवा हॉल बांधणाऱ्यानं मात्र पहिल्या नकाशातच पडदा २.३९ चा आणि बाजूला सरकते काळे पडदे धरावेत. तेव्हा खर्च फारसा वाढत नाही, नंतर तो करणं अशक्य होतं.


घाटकोपर लोकल

हे पटलं. एक भर घालते. तिकीट काढताना अ‍ॅपवर भाषा, टूडी-थ्रीडी, खुर्चीचा प्रकार सगळं लिहिलेलं असतं. हॉलचा पडदा कोणत्या मापाचा आणि पिक्चर कोणत्या मापाचा, या दोन ओळी वाढवायला काय हरकत आहे? मग चर्नीरोडकर काका त्यांना हवा तो हॉल निवडतील आणि मी मला हवी ती वेळ.


हिंदमाता

लिहा की. त्याच्याच खाली तोच पिक्चर शंभर रुपयांच्या आत कुठे दिसतो, तेही लिहा. परळच्या माणसाला आधी ती ओळ लागेल.